खुर्चीतून टेकडीपर्यंत

फिजोआ पडायला लागले की मला भांडण आठवतं.

इथे दक्षिण गोलार्धात एप्रिल म्हणजे शरद. एप्रिल सरत आला की आमच्या ओटाहुहू उपनगराच्या गल्ल्यांतून तो वास सुरू होतो. पेरू आणि अननस एकत्र कुस्करून वर थोडं अत्तर टाकल्यासारखा. हिरवी, अंड्याएवढी फळं झाडाखाली पडून राहतात. ज्यांच्या अंगणात झाड आहे ते खाऊन कंटाळतात, मग पिशव्या भरून फाटकाशी ठेवतात आणि पुठ्ठ्यावर लिहितात, फुकट आहे, न्या. मला इथे इतकी वर्षं झाली, पण त्या पाटीची सवय होत नाही. फुकट वस्तूपुढे मी अवघडून उभी राहते. भाव कोणाशी करायचा? दोन फळं उचलते आणि कोणी बघत तर नाही ना म्हणून पडद्यांकडे पाहते. मी मूळची सोलापूरची, दुकानदाराची मुलगी. जे मागावं लागत नाही त्यात काहीतरी खोट असणार असं माझं मन मला सांगत राहतं.

ज्या शरदात मी जिंकले तो शरद असाच होता. सकाळी गवत ओलं, दुपारी ऊन, आणि वाऱ्यावर तो वास. मी तेव्हा मेलेआनाच्या घरामागची एक खोली भाड्याने घेतली होती, आजही तिथेच बसून काम करते. मेलेआना टोंगा बेटांवरची, सत्तरी ओलांडलेली, अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून भक्कम. तिच्या पुढच्या खोलीत एक निळी खुर्ची आहे आणि खुर्चीसमोर रुंद खिडकी. घर उंचवट्यावर आहे, समोरचा रस्ता खाली उतरत जातो, आणि रस्त्यापलीकडच्या छपरांच्या मागे टेकडी दिसते. इथे सगळे तिला माउंगा म्हणतात. कधीकाळी आग ओकलेली, आता गवताने झाकलेली, जुन्या जखमेसारखी शांत. मेलेआना रोज सकाळी ती चढायची. मग गुडघे गेले. पायांनी चढणं थांबलं तेव्हा तिने खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली आणि डोळ्यांनी चढायला लागली. चहाचा कप हातात घेऊन ती तासभर बसायची, आणि उठताना खरंच दमलेली दिसायची.

मी काय करते हे तिला समजावून सांगणं सोपं गेलं, कारण तिच्या खिडकीला माश्यांसाठी बारीक जाळी बसवलेली होती. मी म्हटलं, एक डोळा मिटून जाळीच्या एका भोकातून बघ. काय दिसतं? ती म्हणाली, हिरवं. शेजारच्या भोकातून? छप्पर. त्याच्या वरच्या? आकाश. झालं, हाच माझा धंदा. जे घर अजून बांधलेलं नाही त्याचं चित्र मी काढते. संगणकात एक डोळा ठेवायचा, डोळ्यासमोर जाळी धरायची, आणि डोळ्यापासून निघून प्रत्येक भोकाच्या बरोबर मधून जाणारा एक किरण सोडायचा. तो किरण पुढे जाऊन ज्याला आपटेल त्याचा रंग त्या भोकात भरायचा. भिंतीला आपटला तर भिंतीचा, झाडाला तर झाडाचा, कशालाच नाही तर आकाशाचा. सगळी भोकं भरली की चित्र तयार.

"पण प्रकाश तर बाहेरून आत येतो," मेलेआना म्हणाली. "तू आतून बाहेर काय पाठवतेस?"

हा प्रश्न मला फार आवडतो. खरा प्रकाश सगळीकडे उधळलेला असतो, त्यातला बहुतेक कोणाच्याच डोळ्यात जात नाही. त्या सगळ्याचा पाठलाग करत बसलं तर जन्म पुरणार नाही. म्हणून जो डोळ्यापर्यंत पोचलाच आहे, त्याच्यापासून सुरुवात करायची आणि उलट चालत जायचं. वडिलांच्या दुकानात मी हेच करायचे. गिऱ्हाईक शेवटी कुठे थांबणार ते त्याच्या चेहऱ्यावरून आधी ओळखायचं, मग तिथून उलटं चालत येऊन पहिला भाव सांगायचा.

माझे वडील दुकान टाकण्याआधी चादरींची नक्षी काढायचे. मोर, वेली, कमळं. आलेख कागदाच्या चौकोनांत पेन्सिलीने रंग भरत बसायचे. एक चौकोन म्हणजे मागावर एका उभ्या आणि एका आडव्या धाग्याची गाठ. नवशिक्या माणसाची नक्षी कागदावर देखणी दिसायची आणि चादरीवर मोर फुगायचा, कारण उभे धागे आणि आडवे धागे सारखे दाट नसतात, हे त्याने धरलेलंच नसायचं. वडील तो फुगलेला मोर हातात धरून म्हणायचे, "चूक मोरात नाहीये, कागदात आहे." पुढे अभियांत्रिकीच्या वर्गात पहिल्यांदा मला कॅमेऱ्याचे किरण शिकवले, रुंदी आणि उंचीचं गुणोत्तर, कोन, अर्ध्या चौकोनाने सरकून मध्य पकडणं, तेव्हा माझ्या आजूबाजूची मुलं डोकं धरून बसली होती. मला वाटलं, हे तर मी जमिनीवर बसून पाहिलेलं आहे.

हे असं लिहिताना मी शांत आहे. समीरची गोष्ट निघाली की राहत नाही.

समीर पुण्याचा. अल्बनीत त्याचं ऑफिस, न बांधलेल्या घरांची चित्रं काढून देणारं. मी या देशात आले तेव्हा अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात दुसऱ्याच्या टेबलामागे उभी राहून टॉवेल आणि चादरी विकत होते. पावसात, जँडल्स म्हणजे रबरी चपला घालून, पाय गारठलेले. तिथून उठून मी त्याच्या ऑफिसात शिरले आणि त्याच्या चित्रांचा पायाच मी लिहिला: डोळ्यातून किरण काढणारा तो छोटा भाग, ज्याच्यावर बाकी सगळं उभं असतं. एकदा एक मोठं गिऱ्हाईक आलं होतं. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि समीर हसत म्हणाला, "ही आमची वैशाली. भाव ठरवायला हिला पुढे करतो आम्ही. किरणांचं मी बघतो." सगळे हसले. माझ्याही तोंडावर हसू आलं, आणि ते माझं मला आजवर सहन होत नाही. त्याच आठवड्यात एका चित्रावरून आमचं वाजलं. मी दार आपटून बाहेर पडले. ते दार काचेचं होतं आणि आपोआप हळू बंद होणारं होतं, त्यामुळे नीट आपटलंही गेलं नाही.

तर त्या शरदात रस्त्यापलीकडची दोन जुनी घरं पाडून तिथे तीन मजली इमारत उठणार असं ठरलं. शेजाऱ्यांचं म्हणणं मागवलं गेलं, आणि बरोबर एक चित्र आलं: मेलेआनाच्या पुढच्या खोलीतून इमारत कशी दिसेल. फार सुंदर चित्र. संध्याकाळचं ऊन, चिमुकली इमारत, आणि तिच्या छपरावरून डोकावणारा माउंगाचा माथा. कोणाच्या ऑफिसातून आलंय हे मी कोपरा बघायच्या आधी ओळखलं; ती संध्याकाळ समीर सगळ्या चित्रांना लावतो.

मेलेआनाने चित्र मांडीवर घेतलं आणि बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "यात चर्च आहे."

"मग?"

"माझ्या खुर्चीतून चर्च दिसत नाही. दिसलं असतं तर रविवारी एवढा त्रास घेऊन मी तिकडे कशाला गेले असते. इथूनच हात जोडले असते."

मी चित्र तिच्या हातातून ओढून घेतलं. चर्च रस्त्याच्या डाव्या टोकाला आहे, खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढल्याशिवाय कोणाला दिसत नाही. चित्रात ते आरामात उभं होतं. उजवीकडची डेअरी, म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकानसुद्धा होतं, तिच्या आइस्क्रीमच्या पाटीसकट. म्हणजे या चित्राचा डोळा खिडकीपेक्षा कितीतरी रुंद बघत होता. आणि रुंद बघणाऱ्या डोळ्याला मधलं सगळं लहान दिसतं. इथे मोर फुगलेला नव्हता, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. अख्खा मोर, पिसाऱ्यासकट, लांब नेऊन ठेवला होता.

डोळा किती रुंद बघतो हे सांगायला एक कोन द्यावा लागतो. तो आडवा मोजायचा की उभा, हे आधी ठरलेलं असतं. मी लिहिलं होतं तेव्हा आडवा धरला होता. मला चित्र बघूनच वाटलं की माझ्यानंतर कोणीतरी तो भाग बदललाय, आता तिथे उभा कोन लागतो, आणि आकडा मात्र जुन्या सवयीने आडव्याचा घातला गेलाय. रुंद चित्रात एवढं पुरतं. इमारत खेळण्यातली होते.

माझा आवाज चढला. मेलेआना म्हणाली, "ओरडून झालं की सांग, मी चहा करते."

मग मी कामाला लागले. खुर्चीत बसलेल्या मेलेआनाचा डोळा जमिनीपासून किती वर, काचेपासून किती मागे, हे मोजलं. ती हसत होती, शिंपी माप घेतो तशी मान ताठ करून. त्या बिंदूवर मी माझा डोळा ठेवला, खिडकीचीच चौकट जाळीला दिली, आणि किरण सोडले. टेकडीकडे निघालेला जो किरण नव्या इमारतीने अडवला, तो लाल रंगवला. माथ्याकडे जाणारे सगळे लाल झाले. समीरच्या चित्रातला डोळा खुर्चीशेजारी उभ्या असलेल्या माणसाचा होता. उभं राहिलं तर माथ्याची एक कड दिसत होती. पण जी बाई फार वेळ उभी राहू शकत नाही तिला ती कड काय कामाची?

मी लाल किरणांकडे बघत बसले आणि रागाच्या खालून मला माझी जुनी, ओळखीची खुशी वर येताना जाणवली. कारण ते किरण नुसतं नुकसान दाखवत नव्हते. ते इमारतीला नेमके कुठे लागतात तेही दाखवत होते. सगळे एकाच ठिकाणी गोळा झाले होते: सर्वांत वरच्या मजल्याचा डावा कोपरा. बाकी इमारत हवी तेवढी राहू दे, तेवढा कोपरा मागे सरकला की टेकडी मोकळी. भाव करणाऱ्याला याहून मोठं वरदान नसतं. आपल्याला काय हवंय ते अचूक माहीत आहे, आणि समोरच्याला आपण काय मागणार ते माहीत नाही.

मेलेआनाच्या नावाने मी हरकत नोंदवली, आणि तिच्या सुनावणीआधी दोन्ही बाजूंनी एकदा समोरासमोर बसावं असं काउन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, सुचवलं. मी म्हटलं, बसू, पण मेलेआनाच्या पुढच्या खोलीत. आले सगळे. काउन्सिलची एक अधिकारी, हातात फाइल. इमारत बांधणारा, उंचापुरा, शांत, दारात बूट काढून मोज्यांवर आत आलेला. त्याने मेलेआनाला किया ओरा म्हणून इथला नमस्कार केला आणि तिने दिलेला केक खरंच खाल्ला, म्हणून माझं त्याच्याविषयी मत जरा बरं झालं. आणि समीर. मला बघून तो मराठीत म्हणाला, "अरे वा, वैशालीताई. इथे पण भाव करायला?"

"हो," मी म्हटलं. "किरणांचं तू बघतोस ना, म्हणून."

मी खिडकीची जाळी काढून ठेवली होती. पारदर्शक कागदावर दोन चित्रं छापून आणली होती, दोन्ही खिडकीच्या काचेएवढी. आधी समीरचं काचेवर चिकटवलं. बांधणाऱ्याला म्हटलं, खुर्चीच्या शेजारी उभे राहा, एक डोळा मिटा, आणि चित्रातला दिव्याचा खांब खऱ्या खांबावर बसतो का बघा. तो उभा राहिला. चित्रातला खांब कुठल्या कुठे, शेजाऱ्याच्या अंगणात, काडीएवढा. खरी टेकडी चित्रातल्या टेकडीच्या चारी बाजूंनी बाहेर आलेली, लहान मुलाच्या अंगरख्यात मोठा माणूस कोंबावा तशी.

मग माझं चिकटवलं आणि म्हटलं, "आता बसा."

तो निळ्या खुर्चीत बसला, डोळा मिटला, आणि म्हणाला, "हेही जुळत नाही."

समीर खुर्चीत मागे रेलला. अधिकारी बाई फाइलमध्ये काहीतरी लिहायला लागली. मग मी त्या माणसाच्या डोक्याकडे पाहिलं. मेलेआनापेक्षा वीतभर वर होतं.

"तुम्ही उंच आहात. खाली सरका."

तो सरकला.

"अजून."

"अजून सरकलो तर जमिनीवर येईन."

"तिचा डोळा आहे तिथे तुमचा आणा. मग बोला."

मेलेआना कोपऱ्यातून म्हणाली, "नीट ऐक तिचं, नाहीतर ती दिवसभर थांबणार नाही."

तो घसरत घसरत गेला, गुडघे पुढे, हनुवटी छातीवर. आणि मग थांबला. मला कळलं ते त्याच्या श्वासावरून. दिव्याचा खांब खांबावर बसला. गॅरेजचं छप्पर छपरावर बसलं. तारा तारांवर. आणि जिथे टेकडी होती तिथे त्याची इमारत उभी राहिली, खरी, पूर्ण आकाराची, तिसरा मजला माउंगाच्या तोंडावर हात ठेवल्यासारखा. तो तसाच पडून राहिला. मग म्हणाला, "हं. मोठी आहे."

त्याच्यानंतर अधिकारी बाई बसली. तिला फारसं सरकावं लागलं नाही. ती उठली तेव्हा मगाशी लिहिलेलं खोडत होती. समीर सगळ्यात शेवटी बसला. मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती, आणि न बोलण्यात एवढी मजा असते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. उठून त्याने लॅपटॉप उघडला, बराच वेळ बघितलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "कोन उभा गेलाय."

बांधणाऱ्याने मला विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

माझ्या आयुष्यातला सर्वांत सुरेख प्रश्न. मी म्हटलं, "वरचा मजला नको. अख्खा."

तो हसला. "ते होणार नाही. मग मला बांधण्यात अर्थच नाही."

मी सुस्कारा सोडला. खिडकीकडे गेले. मेलेआनाकडे पाहिलं, ती पाहिजे तेवढी दुःखी दिसत होती. हे आमचं ठरलेलं नव्हतं, तिला उपजतच येतं. मग मी म्हटलं, निदान अर्धा. तो म्हणाला, अर्धाही नाही. मी म्हटलं, मग सुनावणीत भेटू, तिथेही काचेवर चित्र चिकटवायची सोय करते. तेव्हा मी लाल किरणांचं चित्र काढून टेबलावर ठेवलं आणि जणू आत्ताच सुचतंय अशा आवाजात म्हटलं, डावा कोपरा तेवढा मागे घेतला तर? तिथे वरच्यांना गच्ची मिळेल. गच्चीचं घर लोक आधी बघतात.

त्याने चित्र उचललं, खिडकीकडे धरलं, आणि या वेळी मी न सांगता खाली सरकला. "स्वीट अ‍ॅज," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत झकास. "कोपरा देतो."

मी लगेच हो म्हटलं नाही. थोडा विचार केल्यासारखं दाखवलं. असं केलं नाही तर आपण जास्त दिलं की काय या विचाराने समोरच्याला रात्री झोप लागत नाही.

निघताना समीर फाटकाशी थांबला. फिजोआ पायाखाली येऊन त्याचा बूट चिकट झाला होता आणि तो गवतावर पुसत होता. "वैशाली, ते मुद्दाम नव्हतं. खरंच चूक झाली."

"मुद्दाम असतं तर बरं झालं असतं," मी म्हटलं. "निदान काम येतं तुला असं म्हणता आलं असतं."

लोक मला सांगतात, झालं गेलं, आता सोडून दे. मी सोडत नाही. राग ही माझ्या घामाची कमाई आहे, ती मी फुकट वाटणार नाही. पण त्या दुपारी फाटकाशी उभी असताना माझ्या लक्षात आलं की मला त्याच्याकडून आता काहीच नकोय. राग तसाच, पण मागणं संपलेलं.

जाळीतून बघायची सवय मला लागली ती लागलीच. बसच्या थांब्यावर, दुकानाच्या रांगेत, मी एक डोळा मिटून चौकट धरते. लोकांना वाटतं बाई विचित्र आहे. मी बघत असते की कोण कुठून बघतंय. बहुतेक भांडणं डोळा कुठे ठेवलाय यावरून होतात, आणि दोन्हीकडचे लोक आपापलं चित्र घट्ट धरून बसतात. खुर्चीत खाली सरकायला फार थोडे तयार होतात. मीही सहसा होत नाही.

या शरदात इमारतीची परांची उतरली. वरच्या कोपऱ्यात गच्ची झाली, आणि तिच्यामागे माउंगा पूर्ण, खांद्यापासून माथ्यापर्यंत. थोड्या दिवसांनी मी मेलेआनाच्या मागे जाऊन उभी राहिले, तिच्या तोंडून काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून. ती गच्चीकडे बघत होती.

"आलेत तिथे राहायला," ती म्हणाली. "एक जोडपं. तिच्या पोटात बाळ आहे. तो सगळं उचलतो, पण फार हळू."

"आणि माउंगा?"

गच्चीच्या कठड्यावर त्या जोडप्याचे पोहण्याचे कपडे, चादरी, टॉवेल वाळत पडले होते. मेलेआना जराशी पुढे वाकली आणि म्हणाली, "जा, त्यांना सांग कपडे आत घ्या. पाऊस येतोय."

आकाश स्वच्छ होतं. मी तसं म्हटलं.

"माथ्यावर बघ," ती म्हणाली. "गवताचा रंग बदललाय. एवढं दिसत नाही तुला, आणि किरण सोडतेस."

मी रस्ता ओलांडला, जिने चढले, दार वाजवलं. पोटुशी मुलगी बाहेर आली. मी तिला सांगितलं की समोरच्या घरातल्या बाईंनी निरोप दिलाय, कपडे उचला, पाऊस येईल. तिने आकाशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "त्यांना कसं कळलं?"

"त्यांच्या खुर्चीतून दिसतं," मी म्हटलं, जितक्या तोऱ्यात म्हणता येईल तितक्या तोऱ्यात.

आम्ही दोघींनी मिळून चादरी काढल्या. शेवटचा टॉवेल तिच्या हातात असताना पहिला थेंब कठड्यावर पडला. समोर, रस्त्यापलीकडे, निळ्या खुर्चीतून एक हात वर झाला आणि बराच वेळ वरच राहिला.